उभी मोटार आणि बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू



मोटार ही धांवण्यासाठीं केलेली वस्तु आहे, हें आपण सारे जाणतों. परंतु शहरांतील मोटारींच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर असें दिसेल कीं, त्या धांवतात थोड्या आणि उभ्या राहतात फार. एखादें कुटुंब मुलाकडे परदेशीं सहा महिने जातें, कोणाची बदली होते, कोणाची दुसरी गाडी केवळ लग्नसराईपुरती बाहेर निघते. २०२० सालीं २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हां तर असंख्य गाड्या एकाच वेळीं जागच्या जागीं थबकल्या. पुढें मालकांनीं किल्ल्या फिरवल्या त्या वेळीं कित्येकांना आढळून आलें कीं, आपल्या गैरहजेरींत गाडीचा ताबा दुसऱ्यांनींच घेतला आहे. बॉनेट उघडावें तों आंत वाळलेलें गवत, कागदाचे कपटे, कापसाचे पुंजके, आणि तारांवरचें आवरण कुरतडून तांब्याचे तंतु उघडे पडलेले. गणपतीचें वाहन मूषक, हें पुराणांत ठीक आहे. मूषकाचें वाहन आपली मोटार होणें मात्र कोणालाच परवडण्याजोगें नाहीं.

या बिनभाड्याच्या बिऱ्हाडकरूंविषयीं आज मी बोलणार आहें. त्यांना हांकलण्याचे उपाय बाजारांत पुष्कळ मिळतात, आणि त्यांतले बहुतेक फसतात. कारण ते उपाय उंदराला शत्रु समजून योजलेले असतात. उंदीर मोटारीवर स्वारी करून येत नाहीं. तो जागा शोधीत येतो. तशी जागा त्याला मोटारींत कां सांपडते हें नीट ध्यानांत घेतलें, म्हणजे काय करावें हेंहि पुष्कळसें आपोआप सुचतें.

प्रथम त्याच्या दांतांविषयीं. प्राणिशास्त्रांत उंदीर, घूस व खार यांच्या वर्गाला कृंतक, म्हणजे कुरतडणारे, असें नांव आहे. त्यांचे वरचे दोन व खालचे दोन असे पुढचे चार दांत जन्मभर वाढत राहतात. या दांतांची पुढची बाजू कठीण आणि मोठ्या उंदरांत पिवळसर नारिंगी रंगाची असते. मागची बाजू त्या मानानें मऊ. मागची बाजू अगोदर झिजते, त्यामुळें पुढची कड सुताराच्या पटाशीसारखी सदैव धारदार राहते. असें हत्यार तोंडांत बाळगणाऱ्या प्राण्यानें वाटेंत आलेली प्रत्येक वस्तु कुरतडून पाहिली तर नवल नाहीं. तारेवरचें आवरण, रबराची नळी, सीटचा स्पंज, एअर फिल्टरचा कागद, सारें त्याला सारखेंच. अलीकडे अशी एक समजूत पसरली आहे कीं, नव्या गाड्यांच्या तारांच्या आवरणांत सोयाबीनचा अंश असतो म्हणून उंदीर त्यांवर तुटून पडतात. अमेरिकेंत यावरून मोटारकंपन्यांवर खटलेहि झाले. परंतु सोयाबीनचा आणि तारांचा संबंध येण्यापूर्वींहि उंदीर तारा तोडीतच होता. तार हें त्याचें अन्न नव्हे. तो घर बांधीत असतो, आणि तार त्या घराच्या आड येते एवढेंच.

आतां उंदराच्या दृष्टीनें उभ्या मोटारीकडे पाहा. वर पत्र्याचें छप्पर, चहूंकडून आडोसा, आंत अंधाऱ्या कपारी. पाऊस लागत नाहीं, कुत्रें शिरत नाहीं, घारीची नजर पोंचत नाहीं. गाडी नुकतीच येऊन उभी राहिली असेल तर इंजिनाची ऊब कांहीं तास टिकते. बॉनेटच्या आंतल्या बाजूला आवाज दाबण्यासाठीं जाड वाकळ लावलेली असते, म्हणजे अंथरुण-पांघरुणाची सोय कारखानदारानेंच करून ठेवलेली. आणि सोसायटीच्या आवारांत कबुतरांना रोज मूठभर दाणे टाकणारे एखादे धर्मशील गृहस्थ असले म्हणजे जेवणाचीहि व्यवस्था झाली. मुंबईपुण्याकडे इतकी सोयीची जागा माणसालासुद्धां सहसा मिळत नाहीं!

शिवाय या घराला कुलूप नाहीं. लहान उंदीर शिसपेन्सिलीच्या जाडीच्या, म्हणजे सहा-सात मिलिमीटरच्या, फटींतून आंत जातो. मोठ्या उंदराला बारा-तेरा मिलिमीटर पुरतात. मोटारीचा तळ तर जवळजवळ उघडाच असतो. तेव्हां गाडी बंद करून ठेवली आहे, असें जें आपण म्हणतों तें कांचा व दरवाजे यांच्यापुरतेंच खरें. उंदराची मादी सुमारें तीन आठवड्यांत विते, एका वेळीं सहा-आठ पिलें सहज होतात, आणि तीं पिलें दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजा वाढवूं लागतात. आपण सहा महिन्यांनीं परत येतों तेव्हां आपल्या गाडींत एक उंदीर राहत नसून एक कुळी नांदत असते.

सगळेच बिऱ्हाडकरू एकाच ऋतूंत येतात असें मात्र नाहीं. घूस जमिनींत बिळें करून राहते. पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरींनीं तिचीं बिळें भरलीं कीं ती कोरडी जागा शोधीत वर येते. म्हणून जून-जुलै हे महिने तळमजल्यावरच्या गाड्यांना वाईट. घरांतला काळा उंदीर चढण्यांत पटाईत. पाइपावरून, तारेवरून, भिंतीला टेंकलेल्या फांदीवरून तो वरच्या मजल्यावरच्या गाडीपर्यंतहि जातो. खार गवत, काथ्या व चिंध्या यांचा गोळा करून त्यांत दोन ते चार पिलें वाढविते. झाडाखालीं महिनोन् महिने उभी असलेली गाडी तिला झाडाच्या ढोलीहून वेगळी वाटत नाहीं. चिचुंदरीवर मात्र उगाच आळ येतो. ती उंदरासारखी दिसते, पण कृंतक नव्हे. ती किडे-झुरळें खाते, तारा तोडण्याचे दांत तिच्यापाशीं नाहींत. तिला मारून कोणाची मोटार वांचलेली नाहीं.

हा सारा प्रकार हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. उघड्या पडलेल्या दोन तारा एकमेकींना टेंकल्या तर ठिणगी पडते, आणि शेजारींच वाळलेल्या गवताचा ढीग असतो. सायलेन्सरच्या नळीलगत रचलेलें घरटें गाडी चालूं लागल्यावर तापून पेट घेऊं शकतें. आजच्या गाड्यांत चाकांचा वेग ब्रेकच्या यंत्रणेला कळविणाऱ्या बारीक तारा असतात. अशी एखादी तार तुटली तरी गाडी चालते. परंतु ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबला असतां चाकें घसरूं न देणारी जी योजना, ती निकामी झालेली असते. समोरच्या फळीवर एक पिवळा दिवा लागतो खरा, पण त्याकडे लक्ष देणारे चालक किती?

घरटें लहान म्हणून धोका लहान, असेंहि समजूं नये. मातीचीं चिमुकलीं घरें बांधणारी कुंभारीण माशी आपण खिडकीच्या कोपऱ्यांत पाहिली असेल. तिला आणि तिच्या भाऊबंदांना तयार नळी मिळाली तर हवीच असते. १९९६ सालीं ६ फेब्रुवारीला डोमिनिकन प्रजासत्ताकांतील पुएर्तो प्लाता येथून निघालेलें बर्गेनएअर कंपनीचें बोइंग ७५७ विमान कांहीं मिनिटांतच समुद्रांत कोसळलें व आंतलीं सर्व १८९ माणसें मरण पावलीं. हें विमान त्यापूर्वीं सुमारें तीन आठवडे जमिनीवर उभें होतें, आणि वेग मोजणाऱ्या नळ्यांवर घालावयाचीं झांकणें शेवटच्या दिवसांत घातलेलीं नव्हतीं. एक नळी बुजल्यामुळें वैमानिकाला खोटा वेग दिसला. त्या नळ्या समुद्रांतून हातीं आल्या नाहींत. परंतु माती लिंपणाऱ्या माशीनें आंत घर केलें असावें, हाच तपास करणाऱ्यांचा सर्वांत बळकट तर्क होता. मोटारींच्या जगांतहि असा एक दाखला आहे. २०११ सालीं माझ्दा कंपनीला अमेरिकेंतील हजारों गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या, कारण एका जातीचा पिवळा कोळी पेट्रोलच्या टाकीची हवा खेळती ठेवणाऱ्या नळींत जाळें विणीत होता. नळी बुजून टाकीवर ताण पडला तर तिला तडा जाण्याची भीति होती. २०१४ सालीं हाच उपद्व्याप पुन्हां करावा लागला. कोळ्यानें कंपनीला दोनदां नमविलें, तेथें आपल्यासारख्या गृहस्थांनीं सावध राहावें यांत कमीपणा नाहीं.

आतां उपायांकडे वळूं, आणि आधीं फोल उपाय निकालांत काढूं. बॉनेटखालीं तंबाखूचीं पानें किंवा डांबराच्या गोळ्या ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. वास चार दिवस उग्र असतो, उंदीर चार दिवस बिचकतो. मग वास मंदावतो आणि उंदीर धीट होतो. शिवाय डांबराच्या गोळ्यांची वाफ बंद गाडींत कोंडून राहते, आणि ती लहान मुलांना अपायकारक आहे. माणसाला ऐकूं न येणारा आवाज काढून उंदीर पळविणारीं यंत्रेंहि विकलीं जातात. उंदीर त्या आवाजाला लवकरच सरावतो. २००१ सालीं अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें अशा यंत्रांच्या अनेक उत्पादकांना व विक्रेत्यांना, आपल्या जाहिरातींतील दावे शास्त्रीय पुराव्यानें सिद्ध करा, अशी समज दिली होती. मिरचीचा तिखट अंश लावलेली एक चिकटपट्टी होंडा कंपनी तारांवर गुंडाळण्यासाठीं विकते. ती तारेपुरतें काम करील. पण सीट, फिल्टर आणि बॉनेटची वाकळ यांना कोण गुंडाळणार?

विषाविषयीं माझें मत स्पष्ट आहे. उभ्या गाडीच्या आसपास विष ठेवूं नये. विष खाल्लेला उंदीर मरण्यासाठीं आडोसा शोधतो, आणि आडोसा म्हणजे तुमची गाडी. एसीच्या नळींत मेलेल्या उंदराचा वास महिनाभर जात नाहीं, हें ज्यांनीं एकदां अनुभवलें त्यांना सांगावें लागत नाहीं. दुसरें असें कीं, रक्त गोठूं न देणाऱ्या आधुनिक विषांचा अंश त्या उंदराला खाणाऱ्या घुबडाच्याहि पोटांत जातो. आपल्या बाजूनें रात्रभर फुकट पहारा करणाऱ्या पक्ष्याला आपणच मारावें, यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाहीं. उंदीर धरावयाचा असेल तर भिंतीलगत पिंजरा लावावा. उंदराला नव्या वस्तूचा संशय येतो. म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्याचें दार बांधून ठेवून नुसतें आमिष खाऊं द्यावें, मग दार मोकळें करावें.

परंतु खरा उपाय जागेचा आहे. गाडी पूर्णपणें बंद करतां येत नाहीं, तेव्हां ती जागा उंदराला नकोशी करावी. त्याला काय हवें असतें? अंधार, शांतता, आडोसा आणि अन्न. यांतलें जें जें काढून घेतां येईल तें काढून घ्यावें.

अन्नापासून आरंभ करूं. गाडी ठेवण्यापूर्वीं ती आंतून झाडून पुसून घ्या. मुलांच्या सीटखालीं बिस्किटांचा चुरा असतो, दाराच्या कप्प्यांत खारे दाणे असतात, डिकींत नारळ विसरलेला असतो, आणि समोरच्या गणपतीपुढें खडीसाखरेचा प्रसाद असतो. बाप्पांची क्षमा मागून तो प्रसाद आधीं वांटून टाका. गॅरेजमध्यें धान्याचीं पोतीं, कुत्र्याचें खाणें किंवा रद्दीचे गठ्ठे ठेवूं नका. रद्दी ही उंदराची गादी आहे. सोसायटींत मात्र एकट्याचें शहाणपण पुरत नाहीं. उंदीर पार्किंगच्या पट्ट्या ओळखीत नाहीं. कचऱ्याच्या डब्यांना झांकण, कबुतरांच्या दाण्यांना बंदी आणि भिंतींतल्या बिळांना सिमेंट, हे ठराव सभेंतच व्हावे लागतात. आणि सभेंत कबुतरांचा विषय काढण्यास जें धैर्य लागतें तें मोटारीच्या दुरुस्तीचें बिल पाहिल्यावर आपोआप येतें.

मग अंधार आणि शांतता. गॅरेज बंदिस्त व कोरडें असेल तर बॉनेट उघडें ठेवावें. हें पुष्कळांना विचित्र वाटतें, पण उजेड व वारा खेळूं लागला कीं ती कपार कपार राहत नाहीं. अंगणांत उभ्या गाडीवर जमिनीपर्यंत लोळणारें कव्हर घालण्याची आपली आवड मात्र उंदराच्या पथ्यावर पडते. धुळीपासून गाडी वांचते हें खरें, पण खालीं उंदरांसाठीं छानसा मांडव तयार होतो. कव्हर चाकांच्या वरपर्यंतच येऊं द्यावें. गाडी भिंतीपासून व झाडाच्या फांद्यांपासून दोन-तीन हात दूर लावावी.

घरांत कोणी राहणार असेल, शेजारीं विश्वासू असतील, तर आठवड्यांतून एकदां गाडी बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटें चालवावी आणि परत लावतांना थोडी निराळ्या जागीं लावावी. जागच्या जागीं इंजिन घुरघुरत ठेवल्यानें बॅटरीला फारसें बळ येत नाहीं, आणि बंद गॅरेजमध्यें तर तसें कधींहि करूं नये. त्या धुरांतला कार्बन मोनॉक्साइड हा वायु वास न येतां जीव घेतो. चालवणें शक्य नसेल तर निदान कोणीतरी बॉनेट उघडून पाहावें. सर्व उपायांत हा सर्वांत साधा, आणि माझ्या मतें सर्वांत मोलाचा. दोन दिवसांचें घरटें म्हणजे चार काड्या. दोन महिन्यांचें घरटें म्हणजे मेकॅनिकचें बिल. चाकांभोंवतीं रांगोळीची पातळ रेघ ओढून ठेवली तर पाहुणा आला कीं नाहीं हें पावलांवरून सकाळीं समजतें. पीठ मात्र वापरूं नका, तें आमंत्रण ठरेल.

एसीला बाहेरची हवा देणारें तोंड समोरच्या कांचेच्या खालीं असतें. तेथें आणि एअर फिल्टरच्या तोंडाशीं सहा मिलिमीटर घरांची गंज न चढणारी जाळी मेकॅनिककडून बसवून घ्यावी. सायलेन्सरच्या तोंडांत भांडीं घासावयाची तारेची घासणी बोळा करून बसवावी, आणि त्या बोळ्याला एक लाल फीत बांधून तिचें दुसरें टोंक बाहेर लोंबतें ठेवावें. स्कूटरवाल्यांनींहि हें करावें. स्कूटरच्या फिल्टरची पेटी चिमुकल्या उंदराला अगदीं मापाची असते. दीर्घकाळ जाणार असाल तर बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून ठेवावी. कुरतडलेल्या तारांतून आग लागण्याचें भय त्यामुळें पुष्कळच कमी होतें.

इतकें करूनहि घरटें सांपडलेंच तर? आधीं आंत कोण आहे तें पाहावें. खारीचीं किंवा पक्ष्याचीं पिलें असतील आणि गाडीची निकड नसेल, तर कांहीं आठवडे थांबावें. पिलें मोठीं झालीं कीं तीं आपण होऊन निघून जातात. निकडच असेल तर एखाद्या पक्षिमित्राला विचारून घरटें सबंध उचलून जवळच्या सुरक्षित जागीं ठेवावें. उंदरांच्या मागावर साप येतो हेंहि ध्यानांत असूं द्यावें. बॉनेटमध्यें धामण दिसली तर ती बिनविषारी आहे, आणि ती आपलेंच काम करण्यास आली आहे. पण साप ओळखण्याची परीक्षा त्या वेळीं देऊं नये. दूर उभें राहून सर्पमित्राला बोलवावें.

उंदरांचें घरटें काढतांना खबरदारी निराळी. २००५ सालच्या २६ जुलैच्या महापुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसची जी सांथ आली ती आपल्याला आठवत असेल. या रोगाचे जंतु उंदरांच्या मूत्रांतून बाहेर पडतात आणि मनुष्याच्या अंगावरील लहानशा जखमेंतूनहि आंत शिरतात. म्हणून रबरी मोजे घालावे, नाकातोंडाला मुसकें बांधावें, दरवाजे उघडून गाडी अर्धा तास वाऱ्यावर ठेवावी. झाडू किंवा घरांतला व्हॅक्यूम कोरड्या लेंड्यांवर फिरवूं नये. धूळ उडते व ती श्वासांत जाते. जंतुनाशक मिसळलेल्या पाण्यानें सारें ओलें करावें, कांहीं मिनिटें थांबावें, मग कागदानें उचलून पिशवींत बांधावें. बॅटरीची तार त्या वेळीं सुटलेली हवी. बॉनेटची वाकळ मूत्रानें भिजली असेल तर ती बदलावीच, कारण जुना वास हा नव्या बिऱ्हाडकरूला पत्त्यासारखा उपयोगी पडतो.

यानंतर गाडी सुरू करण्याची वेळ. घाई करूं नये. फिल्टरची पेटी उघडून पाहावी, तारांवरून व ब्रेकच्या नळ्यांवरून डोळा फिरवावा, चाकांजवळ खालीं तेलाचा किंवा पाण्याचा डाग आहे कां तें बघावें. तार कुरतडलेली दिसली तर चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून न नेतां मेकॅनिकलाच गाडीकडे बोलवावें. लाल फीत ओढून सायलेन्सरमधील बोळा काढावा. बॉनेटवर हातानें दोन-चार थापा माराव्या, कारण मांजरीचीं पिलें उबेसाठीं आंत शिरलेलीं असतात आणि पंखा फिरूं लागला म्हणजे त्यांना पळण्यास अवसर मिळत नाहीं. मग बॅटरीची तार जोडून इंजिन सुरू करावें, आणि पहिल्या दिवशीं गांवांतच एक-दोन मैलांचा फेरा घेऊन मोकळ्या जागीं थांबावें. बॉनेट पुन्हां एकदां उघडून जळकट वास येतो कीं काय तें पाहावें. वास नसेल तर दुसऱ्या दिवशीं घाट चढण्यास हरकत नाहीं.